बायकांच्या हक्कांसाठी देणगी द्यायची, तर कशी? ठरवण्यापासून मृत्युपत्रापर्यंत

शिलाई मशीनसाठी देणगी मागितली की आपल्याकडे ती चटकन मिळते. मशीन डोळ्यांना दिसतं, त्यावर आजीच्या स्मरणार्थ नाव घालता येतं, मशीनशेजारी बाईला बसवून फोटोही काढता येतो. पण तीच बाई नवऱ्याने घराबाहेर काढलेली असते, तिचा पोटगीचा अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत असतो आणि दर तारखेला एक कार्यकर्ती तिच्याबरोबर कोर्टात जात असते. त्या कार्यकर्तीच्या पगारासाठी देणगीदार शोधायला निघा, म्हणजे दारं कशी बंद होतात ते कळतं.

एका तालुक्याच्या गावातल्या स्त्री-संघटनेचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले आहेत. त्यातून एक मत पक्कं झालं आहे. बायकांच्या हक्कांचं काम वस्तूंवर चालत नाही, ते टिकून राहणाऱ्या माणसांवर चालतं. म्हणून देणगी द्यायची तर अशा माणसांच्या पगाराला, प्रवासाला आणि वेळेला द्यावी, आणि एका वर्षापुरती देऊ नये. ते कसं करायचं, हे पुढे क्रमाने सांगते. रक्कम हजारात असो की लाखात, पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी: मदत आणि हक्क यांतला फरक मनाशी स्पष्ट करा

दोन्ही कामं हवीत, यात वाद नाही. मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला आज रात्री निवारा लागतोच. पण निवारा देणं, तिच्या नावावर घर किंवा जमीन लागावी म्हणून लढणं आणि तशी वेळ दुसरीवर येऊ नये म्हणून पोलीस ठाण्याची वागणूक बदलणं ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्याला पैसा मिळतो. दुसऱ्याला थोडा मिळतो. तिसऱ्याला जवळजवळ मिळत नाही, कारण त्याचं फळ कधी दिसेल ते कुणीच सांगू शकत नाही.

मथुरा प्रकरण आठवा. आत्ताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. त्यावर 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 पासून मुंबई, पुणे, नागपूर, दिल्लीत मोर्चे निघाले, सभा झाल्या, पत्रकं वाटली गेली, आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद तेव्हा आली. या सगळ्या कामात फोटो काढून भिंतीवर लावावी अशी वस्तू एकही नव्हती. होता तो प्रवास, छपाई, टपाल आणि बायकांचा वेळ.

देणगीच्या बाबतीत आपल्याकडचं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण त्याहून बरंच जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. त्याआधी अमेरिकेत फिरून त्यांनी तिथल्या लोकांना संघटित केलं होतं. 1887 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने आश्वासन दिलं ते एका इमारतीचं किंवा एका वर्षाचं नव्हतं, दहा वर्षं पैसे पाठवण्याचं होतं. विधवांची शाळा काढणाऱ्या बाईला समाजाचा विरोध होणार, मुली काढून नेल्या जाणार, हे उघड होतं. 1893 मध्ये तसंच झालं. धर्मांतराच्या वादात पुण्यातले प्रतिष्ठित सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली परत नेल्या. तरी काम उभं राहिलं, आणि त्यामागे लांब मुदतीच्या त्या आश्वासनाचा मोठा वाटा होता. आजच्या देणगीदारांनी दहा सोडा, तीन वर्षांचा शब्द दिला तरी संस्थेचं सगळं नियोजन बदलतं.

दुसरी पायरी: रक्कम आणि मुदत आधी ठरवा, संस्था नंतर

उलट्या क्रमाने गेलात तर भावनेच्या भरात एकदाच मोठी रक्कम देऊन बसाल आणि मग विसराल. स्वतःच्या घराचा हिशेब काढा आणि सलग तीन वर्षं सहज झेपेल असा आकडा काढा. महिन्याला 500 झेपत असतील तर 500. बँकेला स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे दर महिन्याला वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही.

लहान रकमेचा संकोच वाटत असेल तर हे गणित पाहा. समजा, जिल्ह्याच्या गावी एका समुपदेशक कार्यकर्तीचा पगार महिन्याला 18,000 रुपये आहे. बारा घरांनी प्रत्येकी 1,500 दिले की तो पूर्ण होतो. नात्यातली, सोसायटीतली, जुन्या शाळेतली बारा घरं गोळा करणं अवघड नाही. आपल्या बायकांना भिशी चालवता येते. पैसे वेळेवर गोळा करणं, वही ठेवणं, चुकणाऱ्याला आठवण करणं हे सगळं त्यांना चांगलं जमतं. तीच पद्धत इथे वापरा. दर महिन्याला एकीने सगळ्यांकडून गोळा करण्यापेक्षा प्रत्येकीने थेट संस्थेच्या खात्यात भरावं, म्हणजे पावती प्रत्येकीच्या नावाने येते आणि मध्ये कुणाच्या खात्यावर दुसऱ्याचा पैसा राहत नाही.

तिसरी पायरी: शोध

इंटरनेटवर ज्यांची संकेतस्थळं देखणी आहेत त्यांच्याकडे निधी उभारणारी माणसं असतात. ते वाईट नाही, पण शोध तिथेच थांबवू नका. तुमच्या जिल्ह्यात कोण काम करतं हे ज्यांना रोज गरज पडते त्यांना विचारा: कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आशा सेविका, अंगणवाडी सेविका. प्रश्न एकच ठेवा. रात्री अकरा वाजता एखादी बाई रस्त्यावर आली तर तुम्ही कुणाला फोन करता? दोन-तीन ठिकाणी तेच नाव आलं की पत्ता सापडला समजा.

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या विशेष कक्षातही जरूर विचारा. हा कक्ष 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर प्रयोग म्हणून सुरू केला. हिंसाचार सोसलेल्या बाईला पोलिसांच्या दारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती भेटावी, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य सरकारने तो उचलला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. चांगला प्रयोग सरकारने आपला मानला की तो किती दूर पोचतो हे त्यातून कळतं. नवीन कल्पनेवर पहिली काही वर्षं पैसे लावायला कुणीतरी तयार असावं लागतं, ते याचसाठी.

कामाचा आवाका किती वेगवेगळा आहे हे कळावं म्हणून काही नावं सांगते. मुंबईची स्त्री मुक्ती संघटना 1975 पासून आहे. कुटुंब सल्ला केंद्रांपासून कचरावेचक बायकांच्या संघटनेपर्यंत तिचं काम पसरलं आहे. पुण्याचा नारी समता मंच 1982 चा. पुरंदर तालुक्यात 1987 मध्ये सुरू झालेलं महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ, म्हणजे मासूम, गावपातळीवर आरोग्य आणि हिंसाचार यांवर काम करत आलं आहे. मुंबईची मजलिस ही वकील बायकांची संस्था. आवाज-ए-निस्वाँ मुस्लिम बायकांबरोबर उभी राहिली. सांगलीच्या संग्राम संस्थेच्या कामातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही देहविक्री करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना तयार झाली. महिला किसान अधिकार मंच शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांचे आणि ऊसतोड कामगार बायकांचे प्रश्न मांडतो. गोव्यात बायलांचो साद आहे. नावं दिली म्हणजे शिफारस केली असं समजू नका. पुढच्या पायऱ्या या संस्थांनाही तशाच लागू आहेत.

ऊसतोड बायकांचं उदाहरण इथे मुद्दाम घेते. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. हंगामाआधी घेतलेली उचल, खाडा झाला की कापला जाणारा पैसा, फडात ना संडास ना पाणी, आणि पाळीचं दुखणं घेऊन गेलं की थेट शस्त्रक्रियेचा सल्ला, अशी ती साखळी आहे. ती उघड होते ती गावोगाव फिरून, बायकांशी बोलून, नोंदी ठेवूनच. या फिरण्याला एसटीचं तिकीट लागतं, मुक्कामाला जागा लागते आणि नोंदी टंकून घ्यायला माणूस लागतो. देणगीदाराच्या डोळ्यांना हा खर्च फुटकळ दिसतो. बदलाची सुरुवात मात्र तिथूनच होते.

चौथी पायरी: भेट, आणि भेटीची शिस्त

संस्थेला फोन करून वेळ घ्या. शक्यतो केस चालू असलेल्या दिवशी जाऊ नका. आणि "एखाद्या पीडितेला भेटता येईल का?" हा प्रश्न विचारू नका. तुमच्या देणगीच्या बदल्यात कुणी आपलं दुःख परक्यासमोर पुन्हा सांगावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. फोटोचंही तेच. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे गुन्हा आहे. हिंसाचाराच्या बाकीच्या प्रकरणांतही फोटो बाहेर गेला की सासरच्यांना तिचा पत्ता लागू शकतो. तुम्ही न मागता संस्थाच बायकांचे चेहरे दाखवत असेल, तर ती धोक्याची खूण समजा.

मग काय विचारायचं? मी पाच प्रश्न विचारते.

यश कशाला म्हणता? हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. काही केंद्रं "इतके संसार सावरले" असा आकडा अभिमानाने सांगतात. बाईला समजावून नांदायला पाठवलं आणि फाइल बंद केली, ही त्यांची मोजणी. बाईला स्वतःला परत जायचं असेल तर तो तिचा निर्णय आहे, आणि त्यात तिला साथ द्यायलाच हवी. पण तिच्यासमोर दुसरे कोणते रस्ते ठेवले, परत गेल्यावर तिसऱ्या महिन्यात कुणी तिची चौकशी केली का, पुन्हा मारहाण झाली तर पुढे काय ठरलं होतं, याची उत्तरं मिळायला हवीत. ती मिळत नसतील तर ते काम हक्कांचं नाही. चांगली कार्यकर्ती या प्रश्नावर थोडी थांबते आणि मग तिच्या मनासारखं न झालेलं एखादं प्रकरणही सांगते.

निर्णय कोण घेतं? विश्वस्त मंडळाची यादी मागा. दलित वस्तीत काम आणि मंडळावर एकही दलित बाई नाही, आदिवासी पाड्यात काम आणि सगळे विश्वस्त शहरातले, असं असेल तर का ते विचारा. उत्तर देताना चिडचिड होते की विचार दिसतो, ते पाहा.

पगार वेळेवर होतात का? उशीर होत असेल तर किती? ही माहिती अहवालात कधी नसते, पण तोंडी विचारली तर प्रामाणिक संस्था सांगतात. तुमचा पैसा कुठे लागेल ते इथेच कळतं.

तुमच्याच कार्यालयात लैंगिक छळाची तक्रार आली तर ती कुणाकडे जाते? दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान संस्थेतल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे कार्यकर्त्यांना माहीत आहे का, तेही बघा.

आणि शेवटचा: कुणाचा पैसा तुम्ही नाकारला आहे? उत्तर काहीही असो, संस्थेची भूमिका त्यातून कळते.

पाचवी पायरी: कागद

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेल्या असतात. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत त्यांचा "एफ" किंवा "ई"ने सुरू होणारा क्रमांक असतो. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या संस्थाही असतात. मागायचे कागद मोजकेच आहेत: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, आयकर खात्याची 12एबी (संस्थेला करमाफी देणारी) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी) नोंदणी (ती ठरावीक मुदतीची असते, म्हणून तारीख पाहा), आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल.

अहवालातलं परिशिष्ट 8 म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट 9 म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. आकड्यांची भीती वाटत असेल तर फक्त तीन गोष्टी शोधा. पैसा किती ठिकाणांहून येतो? एकाच देणगीदाराकडून बहुतेक रक्कम येत असेल तर तो थांबला की काम थांबणार. हाताशी किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे? आणि मोठ्या रकमा विश्वस्तांच्या नातेवाइकांना भाडं, मानधन किंवा कर्ज म्हणून गेल्या आहेत का?

पगाराचा आकडा मोठा दिसला म्हणून नाक मुरडू नका. "प्रशासकीय खर्च किती टक्के?" हा प्रश्न आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि हक्कांच्या कामात तो फार दिशाभूल करतो. धान्यवाटपात धान्य हा कामाचा खर्च आणि माणूस हा वरखर्च, असं म्हणता येईल. समुपदेशनात, कोर्टात सोबत जाण्यात, गावबैठकीत माणूस हेच काम आहे. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मालमत्ता, हिंसाचार अशा दाव्यांत बायकांना कोर्ट फी माफ आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे उत्पन्न कितीही असलं तरी प्रत्येक बाईला मोफत वकील मिळू शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात तर पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं लिहिलं आहे. तरीही बायका वर्षानुवर्षं फेऱ्या मारतात. अर्ज कुठे द्यायचा हे सांगणारं, तारखेला सोबत येणारं, वकील आला नाही तर त्याला फोन करणारं, आणि "आता सोडून दे" असं माहेरचे म्हणत असताना तिच्या बाजूने उभं राहणारं माणूस लागतं. तुमचा पैसा त्या माणसासाठी हवा आहे.

एक व्यवहारातली गोष्ट. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो आणि त्याचा निर्णय व्हायला कधीकधी खूप काळ जातो. त्यामुळे नोंदवहीत जुन्या विश्वस्तांची नावं दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका. अर्ज दाखल केल्याची शिक्क्याची प्रत मागा. ती असेल तर पुढे चला.

सहावी पायरी: पैसे कशासाठी द्यायचे हे लिहून द्या

सर्वांत उपयोगी वाक्य असं: "ही रक्कम संस्थेच्या उद्देशांसाठी संस्था ठरवेल त्या कामाला वापरावी." एवढ्या एका ओळीने संस्थेला थकलेला पगार देता येतो, अचानक आलेल्या प्रकरणात गाडी करता येते, कार्यालयाचं भाडं भरता येतं.

पुढच्या संकटासाठी गंगाजळी तयार व्हावी असं वाटत असेल, तर तसं वेगळं पत्र द्यायला हवं. करमाफीसाठी संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातला साधारण 85 टक्के भाग कामावर खर्च करावा लागतो. म्हणजे मनात आलं तरी त्यांना फारशी बचत करता येत नाही. मात्र देणगीदाराने "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी दिलं तर तिचा हिशेब वेगळा होतो. ती ठरावीक सुरक्षित ठिकाणी गुंतवून व्याज वापरता येतं. कुणाच्या साठीला, आईच्या वर्षश्राद्धाला मोठी रक्कम द्यायची असेल तेव्हा या पर्यायाचा जरूर विचार करा.

वस्तू द्यायच्याच असतील तर आधी विचारा. जुन्या साड्यांचे गठ्ठे ठेवायला जागा लागते, आणि वस्तूंच्या देणगीवर करसवलतही मिळत नाही.

सातवी पायरी: पैसे भरताना

80जी नावाने लोक ओळखतात ती सवलत बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या 50 टक्के रकमेवर असते, आणि तिला उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. 20,000 दिलेत तर 10,000 रुपये करपात्र उत्पन्नातून वजा होतात. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह 2,080 रुपये वाचतात. ही सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. 2,000 पेक्षा जास्त रोख दिलीत तर ती मिळत नाही. पॅन द्या, कारण संस्थेला तुमची देणगी आयकर खात्याला कळवून तुम्हाला प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसत्या पावतीवर आता भागत नाही. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना सल्लागाराला विचारा.

सगळे मार्चमध्ये देणगी देतात. जमलं तर तुम्ही जून-जुलैत द्या. मार्चचा पैसा संपलेला असतो, मोठ्या निधीचा नवा हप्ता आलेला नसतो, आणि पगार अडतात ते याच महिन्यांत.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक नियम फार महत्त्वाचा आहे. तुमच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी मानली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तुमचा पैसा परदेशीच ठरतो. मग संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी असल्याशिवाय तिला तो घेता येत नाही, आणि तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा निधी घेऊन पुढे दुसरीला देणंही बंद झालं. त्यामुळे तालुक्याच्या लहान संघटनांपर्यंत हा पैसा पोचायचा जो मार्ग होता, तो गेला. भाच्याच्या खात्यात पाठवून त्याच्याकडून देणगी द्यायला लावणं, असली पळवाट काढू नका. अडचणीत तुम्ही येणार नाही, संस्था येईल. नोंदणी असलेली संस्था निवडा, किंवा भारतात राहणाऱ्या भावंडांना त्यांच्या स्वतःच्या कमाईतून द्यायला तयार करा.

आठवी पायरी: दिल्यानंतर

वर्षातून एक अहवाल आणि एक भेट किंवा फोन पुरे. तुमच्यासाठी खास वेगळा तक्ता बनवायला सांगू नका. मोठ्या देणगीदारांसाठी त्यांनी लिहिलेला अहवालच मागा. दर तिमाहीला वेगळ्या नमुन्यात माहिती भरण्यात लहान संस्थेच्या एका माणसाचे कितीतरी दिवस जातात, आणि तेवढे दिवस बायकांच्या कामातून कमी होतात.

आकडे पाहताना जरा सावकाश. केंद्रात येणाऱ्या तक्रारी वाढल्या तर हिंसाचार वाढला असंच नसतं. बायकांचा विश्वास वाढला असंही असतं. केस हरली म्हणून काम फसलं असं नसतं. काळजी करावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत: दोन वर्षांत सगळ्या कार्यकर्त्या सोडून गेल्या, लेखापरीक्षण झालंच नाही, किंवा संस्थेतल्याच बाईची तक्रार दाबली गेली. अशा वेळी आधी विश्वस्तांशी बोला, लेखी उत्तर मागा, आणि ते मिळालं नाही तर मग थांबा.

संस्थेवर हल्ला होईल तेव्हा मात्र थांबू नका. आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला आसरा दिला, गावच्या पुढाऱ्याविरुद्ध तक्रार नोंदवायला मदत केली, की बदनामी सुरू होते. त्या आठवड्यात तुमचा एक फोन आणि वेळेवर आलेला हप्ता फार मोलाचा असतो.

कंपनीत असाल तर

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सातव्या अनुसूचीत "लिंगभाव समानता" आणि बायकांचं सक्षमीकरण स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी कंपन्या प्रशिक्षण वर्ग आणि सॅनिटरी पॅडपाशी थांबतात. समितीवर कुणी ओळखीचं असेल तर त्यांना समुपदेशन केंद्राचा तीन वर्षांचा पगारखर्च सुचवा. असा पैसा घेण्यासाठी संस्थेने कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा नोंदणीचा अर्ज भरलेला असावा लागतो, तेवढं आधी पाहा.

शेवटची पायरी: थांबणं, आणि मृत्युपत्र

परिस्थिती बदलते, देणगी थांबवावी लागते. त्यात गैर काही नाही. निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर आधी कळवा, आणि तुमच्या जागी दुसरं कुणी मिळतं का ते शोधायला मदत करा. अचानक बंद झालेला हप्ता म्हणजे कुणाची तरी गेलेली नोकरी असते.

मृत्युपत्रात संस्थेला काही ठेवायचं असेल तर घरच्यांना आत्ताच सांगा. तेव्हा पुण्यात असलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये आईच्या नावाने 15 लाख रुपये दिले होते, आणि एसएनडीटी ही अक्षरं तिथूनच आली. तेवढं मोठं काही करायची गरज नाही. एक मुदत ठेव, एखाद्या पॉलिसीची रक्कम, दागिन्यांतला एक हिस्सा चालतो. त्याआधी मुलीचा वाटा नीट लिहा. "तिला लग्नात दिलंय" म्हणून तिला वगळून बायकांच्या हक्कांच्या संस्थेला देणगी लिहू नका.

मृत्युपत्रात संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहा. बोलीतलं छोटं नाव लिहिलं तर नंतर वाद होतो. रक्कम उद्देशांसाठी बिनशर्त की कायम निधीसाठी, ते लिहा. संस्था तोवर बंद झाली असेल तर तसंच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला द्यायचा अधिकार मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, म्हणजे ते अमलात आणणाऱ्या माणसाला द्या, आणि हा व्यवस्थापक तुमच्यापेक्षा वयाने लहान निवडा. सही दोन साक्षीदारांसमोर करा. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. एक प्रत वकिलाकडे ठेवा, आणि आपण नाव घातलं आहे हे संस्थेच्या विश्वस्तांना एका पत्राने कळवा.